समुद्रापासून दूर, शार्कच्या शेजारी

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याची राजधानी अ‍ॅटलांटा ही काही समुद्रकाठची नगरी नव्हे. अटलांटिक महासागराचा नजीकचा किनारा तेथून सुमारे ४०० किलोमीटरांवर आहे. सोलापूरच्या माणसाला मुंबईचा समुद्र जितका दूर, जवळजवळ तितकाच अ‍ॅटलांटाच्या नागरिकाला त्याचा समुद्र दूर. असे असूनही या शहराच्या ऐन मध्यभागी काही माणसे ठरल्या वेळी जमतात, अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख चढवतात, पाठीला हवेचे नळकांडे बांधतात, आणि एका मोठ्या हौदात उतरून जगातील सर्वांत मोठ्या माशाच्या शेजारी अर्धा तास पोहून येतात. हा मासा शार्कच्या कुळातील असतो, आणि त्याच हौदात अणकुचीदार दातांचे दुसरे शार्कही फिरत असतात. पाहुणा मात्र हातपाय शाबूत घेऊन बाहेर येतो. ऐकणाऱ्याला यात धाडस दिसते. धाडस नेमके कोणाचे, हे मात्र हौदाच्या आत शिरून पाहिल्याशिवाय कळत नाही.

प्रथम त्या माशाची ओळख करून घेतलेली बरी. त्याला व्हेल शार्क म्हणतात, आणि हे नाव श्रोत्याला दोनदा फसवते. व्हेल म्हणजे देवमासा. तो हवेत श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो, आणि म्हणून तो मासाच नव्हे. व्हेल शार्क हा मात्र खरा मासा. त्याला कल्ले आहेत, त्याचा सांगाडा हाडाचा नसून कुर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तशा लवचीक पदार्थाचा आहे. कोकणच्या बाजारात मुशी आणि गोव्याच्या बाजारात मोरी म्हणून जी विकली जाते तिचाच हा अवाढव्य भाऊबंद. शार्क म्हटले की दातांची आठवण व्हावी. पण याचे दात हजारोंच्या संख्येने असले तरी काडीच्या टोकाएवढे लहान, आणि खाण्याच्या कामी जवळजवळ निरुपयोगी. तोंड उघडून तो पाणी आत घेतो, कल्ल्यांतून ते गाळून बाहेर सोडतो, आणि गाळात राहिलेले सूक्ष्म जीव, बारीक कोळंबीसारखे प्राणी, माशांची अंडी व लहानसहान मासे गिळतो. बायबलातील योनाला तीन दिवस पोटात ठेवणारा मासा हाच असावा असे कोणी कोणी म्हणतात. पण याचा घसाच इतका अरुंद आहे की माणूस गिळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. योनाला दुसरे वाहन शोधावे लागेल.

दक्षिण आफ्रिकेतील टेबल बे येथे सापडलेल्या एका नमुन्यावरून अँड्र्यू स्मिथ या शास्त्रज्ञाने १८२८ साली या माशाचे पहिले वर्णन केले. पूर्ण वाढलेला व्हेल शार्क बारा मीटरांहून अधिक लांब होतो. अठरा मीटरांपर्यंतच्या नोंदी आहेत. काळपट निळसर पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची जी नक्षी असते, ती प्रत्येक माशाची निराळी. माणसाच्या बोटांचे ठसे जसे एकासारखे दुसऱ्याचे नसतात, तसेच हे. २००५ मध्ये संशोधकांनी हे ठिपके ओळखण्यासाठी एक युक्ती योजली, ती खगोलशास्त्रातून उसनी घेतलेली होती. दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रांतील ताऱ्यांचे पुंज एकमेकांशी जुळवण्यासाठी जे गणित वापरले जाई, तेच त्यांनी माशाच्या पाठीला लावले. आकाशातल्या नक्षत्रांचे गणित समुद्रातल्या माशाला जुळावे, ही गोष्ट थोडी काव्यमय वाटते; प्रत्यक्षात ती अत्यंत उपयोगी ठरली.

आता त्या हौदाकडे वळू. बर्नार्ड मार्कस या उद्योगपतीने आपल्या शहराला भेट म्हणून २५ कोटी डॉलर दिले आणि त्यातून जॉर्जिया मत्स्यालय उभे राहिले. २३ नोव्हेंबर २००५ रोजी ते लोकांसाठी उघडले. त्यातील सर्वांत मोठा हौद २८४ फूट लांब, १२६ फूट रुंद आणि २० ते ३० फूट खोल आहे. त्यात ६३ लाख अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे २ कोटी ३८ लाख लिटर पाणी मावते. दुष्काळी भागात दहा हजार लिटरांचा टँकर ज्यांनी पाहिला आहे त्यांनी तसे सुमारे २,४०० टँकर डोळ्यांसमोर आणावेत. प्रेक्षकांसाठी एक पारदर्शक भिंत आहे, ती ६१ फूट रुंद, २३ फूट उंच आणि दोन फूट जाड. तिला लोक काच म्हणतात, पण ती काच नव्हे. ॲक्रिलिक नावाचे प्लास्टिक आहे. इतक्या जाडीची काच हिरवट दिसते व तिच्यातून नीट दिसत नाही. शिवाय ती ठिसूळ. ॲक्रिलिकची तावदाने एकमेकांना जोडून अखंड भिंत करता येते. या पदार्थाखेरीज आजची मोठी मत्स्यालये निर्माणच झाली नसती. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले, तेव्हा भिंतीतील खिडक्यांसारख्या पेट्यांतून मासे पाहण्याची रीत होती. मनुष्य बाहेर, मासा आत, आणि मध्ये चौकट. अ‍ॅटलांटाच्या हौदाखालून शंभर फूट लांबीचा पारदर्शक बोगदा जातो व मासे प्रेक्षकाच्या डोक्यावरून पोहतात. चौकट नाहीशी झाली. पाण्यात उतरणाऱ्या पाहुण्यासाठी ती भिंतही नाहीशी झाली, एवढाच पुढचा टप्पा.

समुद्र चारशे किलोमीटर दूर असल्यावर खारे पाणी आणायचे कोठून? ते आणलेले नाही. तेथेच बनवलेले आहे. शहराच्या नळाचे पाणी घेऊन त्यात समुद्रातील क्षारांच्या प्रमाणात तयार केलेले मीठ शेकडो टनांनी मिसळले. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यात खाण्याच्या मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचेही क्षार असतात. नुसते मीठ घालून भागत नाही. पण पाणी बनवणे हा सोपा भाग. ते राखणे हे खरे काम. हजारो मासे रात्रंदिवस त्यात खातात आणि त्यातच मलमूत्र टाकतात. त्यातून अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया हे माशाला विष. मोकळ्या समुद्रात ते विष पसरून जाते. हौदात जाणार कोठे? म्हणून पाणी सतत पंपांनी ओढून वाळूच्या गाळण्यांतून, फेस काढून टाकणाऱ्या उंच नळ्यांतून आणि ओझोन वायूतून फिरवले जाते. गाळण्यांत मुद्दाम वाढू दिलेले जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्याच अंशी निरुपद्रवी आहे. शेतकरी ज्या नत्राच्या चक्रावर पिके काढतो, त्याच चक्रावर या हौदातील प्रत्येक मासा जगतो. प्रेक्षकाला निळे पाणी दिसते. त्या निळेपणामागे भिंतीपलीकडे एक कारखाना चालू असतो.

माणसाने पाण्याखाली श्वास घेत मोकळेपणी फिरावे, हा शोध फार जुना नाही. त्याआधीचे पाणबुडे तांब्याचे शिरस्त्राण घालीत आणि वरून नळीने पंपाची हवा घेत. दाव्याला बांधलेल्या गुराप्रमाणे त्यांची धाव नळीच्या लांबीइतकी. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये नौदलातील अधिकारी झाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी एक झडप तयार केली. तिचे मूळ मोठे गमतीचे आहे. युद्धकाळात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवीत, आणि इंजिनाला हवा तेव्हा हवा तितकाच गॅस देणारी झडप गान्यांने बनवली होती. तीच सुधारून पाणबुड्याच्या तोंडाशी आणली. नळकांड्यात हवा वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने कोंबलेली असते. पाणबुड्याने श्वास ओढला की ही झडप उघडते आणि भोवतालच्या पाण्याचा जितका दाब असेल नेमक्या तितक्याच दाबाची हवा त्याला देते. या साधनसामग्रीला पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून स्कूबा हे नाव पडले. आज मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या मुलांच्याही तोंडी हा शब्द आहे. कूस्तो पुढे १९५७ ते १९८८ पर्यंत मोनाको येथील समुद्रविज्ञान संग्रहालयाचे संचालक होते, आणि त्या संग्रहालयात एक नामांकित मत्स्यालय आहे. तेव्हा पाणबुड्या आणि मत्स्यालय यांची सोयरीक पहिल्यापासूनच आहे म्हणावयाची.

दाबाची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण हौदातील खरा धोका शार्कच्या दातांत नसून तिच्यात आहे. पाण्यात दर दहा मीटर खोलीमागे वातावरणाएवढा एक दाब वाढतो. अ‍ॅटलांटाच्या हौदाच्या तळाशी, सुमारे नऊ मीटरांवर, पाणबुड्याच्या अंगावर जमिनीवरच्या जवळजवळ दुप्पट दाब असतो, आणि झडपेतून त्याला तितक्याच दाबाची हवा मिळते. तेथे छातीभर श्वास घेऊन, तो रोखून धरून माणूस घाईने वर आला, तर ती हवा फुगत जाऊन जवळजवळ दुप्पट जागा मागते. फुप्फुसाची पिशवी ती देऊ शकत नाही आणि फाटते. म्हणून पाणबुड्याला शिकवला जाणारा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखावयाचा नाही. उतरताना कानाच्या पडद्यावर बाहेरून दाब येतो; त्यासाठी नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारावी लागते. जास्त खोलीवर जास्त वेळ राहिल्यास रक्तात नायट्रोजन विरघळतो आणि घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होतात. त्यावरील सुरक्षित वेळापत्रके जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. उथळ हौदात अर्ध्या तासात हा दुसरा धोका जवळजवळ नसतोच. पण पहिला असतो, आणि म्हणून नळकांडे लावून उतरणाऱ्या पाहुण्याजवळ रीतसर शिक्षणाचा दाखला असावा लागतो. ज्यांच्याजवळ तो नाही त्यांना पृष्ठभागावरून तरंगत पाहण्याची मुभा आहे.

पाहुण्याला उतरण्यापूर्वी सूचना दिल्या जातात, आणि त्या ऐकताना बहुतेकांच्या एक गोष्ट ध्यानात येत नाही. पोशाख, नळकांडे, शिशाच्या वजनांचा पट्टा, सर्व काही मत्स्यालयाचेच वापरावयाचे. स्वतःचे आणावयाचे नाही. माशांना हात लावावयाचा नाही. त्यांच्या वाटेत आडवे जावयाचे नाही; ते येतील तर आपण बाजूला व्हावयाचे. पुढेमागे मत्स्यालयाचे अनुभवी पाणबुडे राहतील, त्यांच्या हाताच्या खुणा पाळावयाच्या. यांतील बहुतेक नियम माशापासून माणसाला जपण्यासाठी नाहीत. बाहेरच्या समुद्रातून आलेल्या पोशाखाबरोबर रोगजंतू येऊ नयेत, माशाच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर हाताने पुसला जाऊ नये, मोठा मासा दचकून भिंतीवर आपटू नये, यासाठी ते आहेत.

पाण्यात शिरल्यावर जग बदलते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातील उष्णता ओढून घेते, म्हणून तो जाड पोशाख. मुखवट्याच्या काचेतून पाहिलेली वस्तू प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे एक तृतीयांशाने मोठी आणि चतुर्थांशाने जवळ भासते. म्हणजे आधीच पाच-सहा मीटर लांबीचा मासा सात-आठ मीटरांचा वाटतो. आवाज पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे तो कोणत्या बाजूने आला हे कानांना ठरवता येत नाही. पाण्याखालील शांततेबद्दल फार लिहिले गेले आहे. प्रत्यक्षात पाणबुड्याला स्वतःच्या श्वासाची घरघर आणि बुडबुड्यांचा खळखळाट यांखेरीज फारसे काही ऐकू येत नाही. मग डाव्या हाताला निळ्या पाण्यातून एक सपाट, रुंद, ठिपकेदार डोके हळूहळू आकार घेते. लहानसा डोळा जवळून जातो. या डोळ्याच्या बुबुळावर दातांसारखे सूक्ष्म खवले असतात, हे जपानच्या ओकिनावा येथील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले. पापणी नसलेल्या डोळ्याचे ते चिलखत. मग कल्ले, मग पाठीवरील कंगोरे, मग भिंतीसारखे अंग, आणि शेवटी माणसाहून उंच शेपटीचा एक सावकाश झोका. मासा पाहुण्याकडे लक्ष देत नाही. वर्षभराची बचत खर्चून आलेल्या कित्येकांना हेच सर्वांत लक्षात राहत असावे.

आणि ते दुसरे शार्क? हौदात सँड टायगर जातीचे शार्क असतात. त्यांचे दात तोंड मिटलेले असतानाही बाहेर दिसतात, त्यामुळे प्रेक्षकांना तेच सर्वांत भयंकर वाटतात. वस्तुतः तो संथ, मंद स्वभावाचा मासा आहे. शार्कांना इतर माशांप्रमाणे हवेची पिशवी नसते; तरंगण्यास त्यांच्या मोठ्या यकृतातील तेल उपयोगी पडते. सँड टायगर मात्र पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि जठरात साठवून पाण्यात स्थिर लोंबकळत राहतो. शार्कला वास दुरून येतो, अंगाच्या दोन्ही बाजूंच्या संवेदनरेषेने पाण्याची हालचाल कळते, आणि नाकाडावरील बारीक छिद्रांनी दुसऱ्या प्राण्याच्या स्नायूंतील क्षीण विद्युत्‌प्रवाहही जाणवतो. ही छिद्रे इटलीच्या लोरेन्झिनीने १६७८ मध्ये वर्णिली. त्यांचे काम कळण्यास पुढे कित्येक पिढ्या जाव्या लागल्या. इतक्या इंद्रियांचा प्राणी माणसाला सावज समजण्याची चूक सहसा करीत नाही, विशेषतः त्याचे पोट भरलेले असताना.

शार्क शिकू शकतो, हेही एका महिलेने दाखवून दिले. युजिनी क्लार्क १९२२ मध्ये न्यूयॉर्क येथे जन्मली. तिची आई शनिवारी कामावर जाताना लहान युजिनीला बॅटरी पार्कच्या मत्स्यालयात सोडून जाई. ती मुलगी पेट्यांसमोर तासन्‌तास उभी राहून माशांच्या सोबतीने पोहण्याची कल्पना करी. मोठेपणी तिने फ्लोरिडात प्रयोगशाळा काढली आणि १९५८ च्या सुमारास लेमन शार्कांना एका विशिष्ट फळीला नाक लावले की खाद्य मिळते, हे शिकवले. शार्क म्हणजे अंध भुकेचे यंत्र, हा समज तेव्हापासून शास्त्रज्ञांनी टाकला. लोकांनी मात्र टाकला नाही. १९७५ मधील जॉज या चित्रपटाने तर तो घरोघर पोहोचवला. अ‍ॅटलांटाच्या हौदात आज त्याच शिकवणीचा उपयोग होतो. खाद्य देणारे कर्मचारी लहान होडीतून लांब दांड्याच्या पळीने व्हेल शार्कच्या तोंडाजवळ बारीक कोळंबी ओततात आणि प्रत्येक मासा आपापल्या होडीमागून येतो.

जगभर शार्कच्या हल्ल्यात वर्षाला सरासरी पाच-सहा माणसे मरतात. माणूस मात्र वर्षाला अंदाजे दहा कोटी शार्क मारतो, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय पाहणीत म्हटले आहे. या दोन आकड्यांवर अधिक बोलण्याची गरज नाही.

पण हौदातील माशांनाही काही भोगावे लागले आहे, आणि मत्स्यालयाच्या जाहिरातीत ते येत नाही. मत्स्यालय उघडण्यापूर्वी जून २००५ मध्ये तैवानहून दोन नर व्हेल शार्क मालवाहू विमानाने सुमारे तेरा हजार किलोमीटर प्रवास करून आणले. एका जुन्या विनोदी दूरदर्शन मालिकेतील पात्रांवरून त्यांची नावे राल्फ आणि नॉर्टन ठेवली. २००६ मध्ये अ‍ॅलिस आणि ट्रिक्सी या दोन माद्या आल्या. जानेवारी २००७ मध्ये राल्फ मेला आणि त्याच वर्षी जूनमध्ये नॉर्टन. दोघांचीही भूक मंदावली होती. राल्फला नळीने खाद्य देण्याचा प्रयत्न झाला होता, आणि शवचिकित्सेत त्याच्या पोटाच्या आतील आवरणाला सूज आढळली. हौदात परोपजीवी जीव मारण्यासाठी वापरलेल्या औषधाचा भुकेवर परिणाम झाला असावा, असे मत्स्यालयाच्या अधिकाऱ्यांनीच तेव्हा म्हटले आणि ते औषध पुढे बंद केले. त्याच वर्षी आणखी दोन नर आणले गेले. ट्रिक्सी २०२० मध्ये आणि अ‍ॅलिस २०२१ मध्ये मेली. जपानमध्ये ओकिनावाला १९९५ साली आणलेला जिंता नावाचा नर पंचवीस वर्षांहून अधिक काळ जगला, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे बंदिवासात हा मासा जगूच शकत नाही, असे नव्हे. परंतु मोकळ्या समुद्रात हाच मासा १,९०० मीटरांहून खोल बुडी मारतो, हे त्याला बसवलेल्या यंत्रांनी नोंदवले आहे. आणि पनामाजवळ खूण केलेली एक मादी प्रशांत महासागर ओलांडून वीस हजार किलोमीटरांहून अधिक गेली. त्याला नऊ मीटर खोलीचा हौद, तो कितीही टँकरांचा असला तरी, कसा वाटत असेल याचा विचार प्रत्येक पाहुण्याने पाण्यात उतरण्यापूर्वी एकदा करावयास हरकत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तैवानमध्ये तेव्हा व्हेल शार्क पकडण्याची परवानगी होती. त्याचे मांस पांढरे व मऊ असल्याने त्याला तेथे टोफू शार्क म्हणत आणि ते बाजारात विकत. अ‍ॅटलांटाला आलेले मासे या ठरलेल्या वार्षिक संख्येतून घेतलेले होते. ते विमानात चढले नसते तर ताटात गेले असते. २००८ मध्ये तैवानने ही शिकार पूर्णपणे बंद केली. मेलेल्या माशांच्या ऊतींतून मिळालेल्या जनुकद्रव्यावरून व्हेल शार्कच्या संपूर्ण आनुवंशिक लिपीचा पहिला आराखडा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मत्स्यालयाचे संशोधक मेक्सिकोच्या युकातानच्या समुद्रातही जातात. तेथे ऑगस्ट २००९ मध्ये विमानातून पाहताना ४२० व्हेल शार्क एकाच ठिकाणी, माशांची ताजी अंडी खाण्यासाठी जमलेले आढळले होते. एवढे मासे एकत्र असू शकतात हे तोवर कोणाला ठाऊक नव्हते. या सर्व ज्ञानाची किंमत राल्फ आणि नॉर्टन यांनी भरली, असा हिशेब मांडता येईल. पण त्यांना कोणी विचारले नव्हते, हेही हिशेबात धरावे लागेल. मत्स्यालयांचे समर्थक म्हणतात की ज्याने हा मासा हातभर अंतरावरून पाहिला तो त्याच्या रक्षणासाठी उभा राहील. विधान पटण्याजोगे आहे. तपासण्यासाठी मात्र फार दूर जावे लागत नाही. बडोद्याहून सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत गेले तरी पुरे.

वेरावळ आणि आसपासच्या बंदरांत व्हेल शार्कची शिकार वर्षानुवर्षे होत असे. त्याच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना लावीत, म्हणजे पाणी मुरत नसे. पुढे मांसाची परदेशी निर्यात सुरू झाली आणि शिकार फार वाढली. गळाला पिंपे बांधून तो पकडीत, म्हणून तेथील मच्छीमार त्याला बॅरल म्हणत. इतक्या मोठ्या प्राण्याला त्यांच्या बोलीत एवढेच नाव होते. माइक पांडे यांनी या शिकारीवर शोअर्स ऑफ सायलेन्स हा माहितीपट काढला, तो २००० मध्ये पूर्ण झाला. मे २००१ मध्ये केंद्र सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. भारतात असे संरक्षण मिळालेला हा पहिला मासा. कायद्याने शिकार गुन्हा ठरली, पण जाळ्यात चुकून सापडलेल्या माशाचे काय? जाळे कापून सोडावे, तर मच्छीमाराचे हजारो रुपये समुद्रात जाणार. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचे वनखाते आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम काढली व रामकथाकार मोरारी बापूंना तिचा प्रवक्ता केले. त्यांनी गावोगाव सांगितले की हा मासा म्हणजे प्रसूतीसाठी माहेरी आलेली लेक आहे. माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारतो का? ही नुसती उपमाही नव्हती. १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे ३०० पिले आढळली होती आणि ही जात अंडी न घालता जिवंत पिलांना जन्म देते, हे तेव्हा सिद्ध झाले होते. बॅरल हे नाव मागे पडले आणि व्हाली, म्हणजे लाडकी, हे नाव आले.

त्या मच्छीमारांपैकी कोणी मत्स्यालयात गेला नव्हता, पाठीला नळकांडे बांधून कोणी उतरला नव्हता. रोज समुद्रावर जाणाऱ्या त्या माणसांनी हा मासा पूर्वीही हातभर अंतरावरूनच पाहिला होता, आणि तेव्हा त्यांनी त्याला गळ टोचला होता. तेव्हापासून त्यांनी शेकडो व्हेल शार्क जाळी कापून सोडले आहेत. कापलेल्या जाळ्यापोटी वनखात्याकडून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पूर्वी त्यासाठी अधिकारी समुद्रात येऊन पाहणी करीपर्यंत मासा जाळ्यातच ठेवावा लागे, आणि तेवढ्या वेळात तो थकून जाई. पुढे होड्यांवर पाण्यात चालणारे कॅमेरे देण्यात आले. आता मासा सापडला की तांडेल त्याचे छायाचित्र घेतो, लगेच जाळे कापतो आणि संध्याकाळी बंदरात आल्यावर ते छायाचित्र दाखवतो.